शेजारच्या सीटवरची कडी

शुक्रवार, २ सप्टेंबर

चार मिनिटं एकतीस सेकंद. गेल्या शुक्रवारीही एकतीस, त्याच्या आधीच्याही एकतीस. मी काय घड्याळाशी करार केलाय का?

बाबांची वेळ चार अकरा. डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेच्या आतल्या बाजूला त्यांनी निळ्या शाईत लिहून ठेवली आहे: 'ऐन लौज ते पाण्याची टाकी, ४ मि. ११ से., २१ मे १९९९.' तीच गाडी, पायथ्याच्या ऐन लौजपासून वर टाकीपर्यंत तोच घाट, तीच सतरा वळणं. फक्त स्टिअरिंगवर बाबांऐवजी मी. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि सहा वर्षं ती झडप खाली केली की ते मला टोमणा मारतात.

माझा चुलतभाऊ राकान आज टाकीपाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "कुतैबा, ही गाडी आहे की उंट? वळणावर एवढी कलते की मला वाटलं आता बसकण मारणार."

राकानच्या तोंडाला लागू नये, पण म्हणणं खरं आहे. गाडी वळताना कलते, आणि वळण संपलं तरी डोलत राहते. इंजिन ठणठणीत आहे. दोष खाली आहे, स्प्रिंगा, शॉकअप, त्या खात्यात. २८ ऑक्टोबरला मोटार क्लबची वार्षिक चढाईची शर्यत. तोवर मी खालचं काम करून घेणार आणि चार अकरा मोडणार. म्हणून ही वही. यात फक्त गाडीबद्दल लिहायचं, बाकी फापटपसारा नाही.

मंगळवार, ६ सप्टेंबर

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चार तास इंटरनेटवर वाचत बसलो. एक म्हणतो आधी स्प्रिंगा बदला. दुसरा म्हणतो शॉकअप, स्प्रिंगा बदलणारे गाढव. तिसरा म्हणतो दोन्ही चाकांना जोडणारी जाड दांडी टाका, गाडी कलायची थांबते, बाकीचे दोघेही गाढव. मध्येच एक आजोबा आले, त्यांना दूरच्याऐवजी जवळचा नंबर लावून दिला. ते दारापर्यंत जाऊन परत आले, कारण दार दिसेना.

जेवताना आईला विचारलं, "आधी काय बदलू?"

"गाडीला स्प्रिंग शोधतोस तेवढ्या मेहनतीनं बायको शोधली असतीस, तर आतापर्यंत मागच्या सीटवर दोन मुलं असती. त्या वजनानंच गाडी बसली असती खाली."

आईला यातलं काही कळत नाही.

शनिवार, १० सप्टेंबर

काल राकानच्या मित्राकडे आखूड, कडक स्प्रिंगा टाकून घेतल्या. गाडी चार बोटं खाली बसली. काय दिसते! हम्माम गल्लीत दुकानासमोर उभी केली तर शेजारचा मसालेवाला बाहेर येऊन फोटो काढून गेला.

आज आईला घेऊन मावशीकडे निघालो. तिच्या मांडीवर मन्सफचं, मटण-भाताचं, पातेलं. आमच्या सल्ट शहरात नगरपालिकेनं माणशी एक गतिरोधक बांधला आहे. पहिल्यावर गाडीचं पोट घासलं. दुसऱ्यावर आईचे दात वाजले. तिसऱ्यावर जमीदचा, सुकवलेल्या दह्याचा, रस्सा सीटवर, गालिच्यावर, आणि आईच्या नव्या काळ्या झग्यावर.

आई एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातानं दाराच्या वरची कडी घट्ट धरून समोर बघत राहिली. ती कडी आधीच एका टोकाला निसटून लोंबते आहे. पंचवीस वर्षं आई ती धरूनच या गाडीत बसते.

मावशीच्या दारात उतरून एवढंच म्हणाली, "तुझे बाबा निदान सांगायचे, 'हिंद, आता धर' म्हणून."

रविवार, ११ सप्टेंबर

पहाटे घाटात जाऊन आलो. चार अडतीस. सात सेकंद जास्त! खडबडीत वळणावर चाकं रस्त्याला टेकतच नव्हती, नुसती उड्या मारत होती. गाडीला अजून रश्शाचा वास येतो.

बुधवार, १४ सप्टेंबर

क्लबचे अध्यक्ष हाज फव्वाज म्हणाले, "अबू दिर्घामकडे जा. पण एक ऐक. तो विचारील तेवढ्यालाच उत्तर दे."

तेलाच्या घाण्याच्या खालच्या अंगाला त्यांचं गॅरेज. पन्नाशी ओलांडलेला माणूस, रुंद, शांत, नखांत ग्रीस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कॅनडात. मी चार तासांचं वाचन त्यांना दहा मिनिटांत ऐकवलं. त्यांनी बॉनेट उघडलं नाही की खाली वाकून बघितलं नाही. शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि त्या लोंबत्या कडीकडे बघत राहिले.

"डॉक्टर," म्हणाले. चष्मे विकणाऱ्याला इथे सगळेच डॉक्टर म्हणतात, पण हे म्हणाले तेव्हा जरा टोचलं. "इथे कोण बसतं?"

"आई."

"गाडी कशी चालते ते चालवणाऱ्याला कधी विचारू नये. त्याला स्टिअरिंगचा आधार असतो. शेजारी बसणाऱ्याला विचारावं. शनिवारी त्यांना घेऊन या. आणि या आखूड स्प्रिंगा काढून जुन्या लावतो आज. फोटोपुरत्या ठीक आहेत."

"मग पहिलं काय बदलायचं?"

"ते तुमच्या आई सांगतील."

हा मनुष्य एकतर अतिशय हुशार आहे किंवा गावात काम नसलेला.

शनिवार, १७ सप्टेंबर

आई आधी नाहीच म्हणत होती. "मी काय मिस्त्री आहे?" मग तयार झाली. मग हिजाब बदलून आली. जाताना थर्मासभर वेलदोड्याची कॉफी घेतली. म्हटलं, अगं गॅरेजला चाललोय. तर म्हणाली, कोणाच्या दारात हात हलवत जायचं नाही.

मी चालवत होतो, आई शेजारी, अबू दिर्घाम मागे मध्यभागी. सहा वळणं वर, सहा खाली. आई कडी धरून. परत आल्यावर त्यांनी आईला स्टूल पुसून दिलं आणि रीतीप्रमाणे मुलाच्या नावानं हाक मारून विचारलं, "उम्म कुतैबा, भीती कधी वाटते? वळताना?"

आईनं विचार केला. एवढा विचार करून उत्तर देताना मी तिला फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"वळताना नाही. वळताना कलते, ते मला माहीत असतं, मी तयार असते. वळण संपतं, रस्ता सरळ होतो, आणि तरी ही डोलतच राहते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तेव्हा भीती वाटते. वाटतं, आता हे कधी थांबायचं?"

अबू दिर्घामनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझंही तसंच आहे. आठ वर्षं."

त्यांच्या गाडीचे शॉकअप आठ वर्षं गेलेले आहेत आणि स्वतः मेकॅनिक! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी बोललो नाही, कारण हाज फव्वाजनी बजावलं होतं.

निष्कर्ष: स्प्रिंगांचा दोष नाही, दांडीचा नाही. पहिलं काम शॉकअपचं. स्प्रिंग धक्का खाते आणि झोके घेत राहते. तिला आवरतो तो शॉकअप. आपले गेलेले आहेत, आणि जोडांमधले रबरी बुशही. इंटरनेटवरचा दुसरा गृहस्थ बरोबर होता. आई त्या गृहस्थापेक्षा कमी शब्दांत बोलली.

बुधवार, २१ सप्टेंबर

शॉकअप अम्मानहून यायचे आहेत. अबू दिर्घाम म्हणाले, तोवर आणखी एकदा चालवून बघायला हवं, आईंना घेऊन. किती काटेकोर माणूस!

शनिवार, २४ सप्टेंबर

पुन्हा चालवून बघितली. आज मी मागे बसलो, अबू दिर्घामनी चालवली. मला म्हणाले, मागून काय वाटतं ते सांगा. मागून गाडीचं काहीच ऐकू येत नव्हतं. पुढे दोघं कुठल्या तरी जुन्या डाळिंबाच्या बागेबद्दल बोलत होते. माझा अर्धा दिवस फुकट गेला, पण कामाची पद्धत म्हणजे पद्धत.

सोमवार, २६ सप्टेंबर

गाडीबद्दल नाही, पण लिहायलाच हवं. काल राकानची मागणी घालायला आम्ही चाळीस माणसं मुलीच्या घरी गेलो. मुलीच्या बापाला तीन महिने आधीपासून सगळं ठाऊक. हॉलसुद्धा ठरलेला. तरी आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं कॉफीचा कप समोर ठेवला, हात लावला नाही आणि म्हणाला, "आमचं एक मागणं आहे. ते मिळेपर्यंत ही कॉफी आम्हाला वर्ज्य." आणि चाळीस माणसांनी असा श्वास रोखला की जणू आता तलवारी निघणार. बाप म्हणाला, "कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं." सगळे हसले, कॉफी प्यायले. राकानला घाम फुटला होता. एरवी चुरूचुरू बोलणारा, काल मूग गिळून.

येताना हिकमत मामा म्हणाले, "हा बाप खानदानी. मागणं काय ते ऐकायच्या आधीच हो म्हणाला. ऐकून हो म्हणणारे व्यापारी असतात."

हे वाक्य आवडलं म्हणून टिपून ठेवलं.

गुरुवार, २९ सप्टेंबर

बसले! चार नवे शॉकअप, नवे बुश, चाकांची रेषा साधून. उंची बाबांच्या वेळी होती तेवढीच. बाहेरून काही म्हणता काही बदललं नाही, मसालेवाल्यानं बघितलंही नाही.

पण चालवताना! वळणात कलते जराशी, पण एकदाच. मग सरळ होते आणि गप्प बसते. दुसरं वळण घ्यायला मोकळी. आजवर प्रत्येक वळणात आधीच्या वळणाचा हिशेब चुकता करत होतो, हे आता कळलं.

आई शेजारी होती. सातव्या वळणानंतर हसली. मोठ्यानं. बाबा गेल्यापासून असं हसलेली ऐकली नव्हती. शॉकअपचा एवढा परिणाम होतो हे कुठेही लिहिलेलं नाही.

अबू दिर्घामना म्हटलं, ती कडीही बदलून टाका आता. म्हणाले, "ती नको. तेच माझं मोजमाप."

शुक्रवार, ३० सप्टेंबर

चार एकोणीस! बारा सेकंद तोडले. आठ राहिले. राकान म्हणाला, "उंटाचा घोडा झाला रे." अबू दिर्घाम टाकीपाशी आले होते. मी विचारलं, आता जाड दांडी टाकू का? म्हणाले, "एका वेळी एक गोष्ट, डॉक्टर. ती अंगवळणी पडू द्या. मग पुढची."

बुधवार, ५ ऑक्टोबर

आई थर्मास गॅरेजमध्ये विसरली. तिसऱ्यांदा. म्हटलं मी आणतो, तर म्हणाली, नको, माझे पाय मोकळे होतील. अडीच तासांनी आली. वय होतंय आईचं. मी मनावर घेत नाही, पण डॉक्टरला दाखवायला हवं.

शनिवार, ८ ऑक्टोबर

वाईट दिवस.

तेल बदलायला गेलो होतो. अबू दिर्घाम हात पुसत माझ्याजवळ आले. म्हणाले, "कुतैबा." डॉक्टर नाही, कुतैबा! "मला तुझ्याकडे एक मागायचं आहे. आज नाही. रीतीनं येईन, माणसं घेऊन. हाज फव्वाज येतील. तू रागावणार तर नाहीस ना?"

"कशाबद्दल?"

"तुझ्या घरात जी आहे," म्हणाले, आणि पुढे बोलेचनात. गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. डोळे खाली. मग म्हणाले, "मी जीव लावला आहे रे. या वयात लावायला नको होता. पण लागला."

मी समजलो. माणूस गाडीला भुलला आहे. तीस वर्षं गाड्यांत गेली, आणि शेवटी हिच्यावर जीव जडला. क्लबच्या अध्यक्षांना घेऊन येणार, चार माणसांदेखत मागणार. आणि चार माणसांदेखत मी नाही कसं म्हणू?

बाबांची गाडी! चढाई वीस दिवसांवर आली आहे! आणि झडपेवरचं बाबांचं अक्षर?

नाही देणार. हाज फव्वाज येवोत नाहीतर खुद्द नगराध्यक्ष.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

हिकमत मामा दुकानात आले. चष्म्याच्या काड्या सैल झाल्याचं निमित्त. काड्या घट्टच होत्या.

"गुरुवारी असरच्या नमाजानंतर पाहुणे येणार," म्हणाले. "तुझ्या कानावर आलंय म्हणतात."

"आलंय. मामा, मला जमणार नाही."

"का?"

"बाबांची ती. दुसऱ्याच्या घरी कशी पाठवू?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, तुझा बाप मला भावासारखा. पण किती दिवस तिला अशी घरात नुसती उभी करून ठेवणार? आठवड्यातनं एकदा बाहेर काढतोस, ते पण तुझ्या कामासाठी. तिचंही काही आयुष्य आहे की नाही?"

हे जरा लागलं. गाडी सहा दिवस ताडपत्रीखाली असते, हे खरं.

"आणि तो माणूस तिला समजतो," मामा म्हणाले. "तुझ्यापेक्षा जास्त समजतो. राग मानू नकोस."

राग आला. पण हेही खरं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

सकाळी आई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तुला मामा बोलले?"

"बोलले."

"तुला वाईट वाटेल का रे?"

माझा बांध फुटला. म्हटलं, "खूप वाटेल, आई. ती आहे म्हणून मला बाबा अजून घरात आहेत असं वाटतं. ती गेली की हे घर रिकामं. आणि दुसऱ्या माणसाच्या शेजारी... म्हणजे दुसऱ्या माणसाच्या हातात तिला बघायची माझी तयारी नाही."

आईचे डोळे भरले. आईचाही गाडीवर एवढा जीव आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"तसं असेल तर," म्हणाली, "मी सांगते त्यांना, येऊ नका म्हणून. तू म्हणशील तसं. तुझ्या मनाविरुद्ध काही व्हायचं नाही या घरात."

"नको," म्हटलं. "पाहुण्यांना येऊ नका म्हणायचं नाही. काय ते मी त्यांच्या तोंडावर बोलेन."

आई उठून ओट्यापाशी गेली. थर्मास धुऊन, पुसून, वरच्या फळीवर ठेवून दिला.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

कालचं सगळं आज सकाळी लिहितोय. मधूनच हसू येतं आणि मधूनच दुसरं काहीतरी.

पाच माणसं आली. हाज फव्वाज पुढे, काठी टेकत. अबू दिर्घाम सगळ्यात मागे, धुतलेल्या कोटात. नखांत ग्रीस नव्हतं. एका गाडीसाठी माणूस नखं घासून येतो!

आमच्या बाजूनं मी आणि हिकमत मामा. आई आत. मी कॉफी ओतली. हाज फव्वाजनी कप घेतला, समोरच्या तिवईवर ठेवला आणि हात मागे घेतला.

"कुतैबा, नायेलच्या लेका," म्हणाले. "तुझ्या बापाची ठेव तू सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलीस. आम्ही आज तीच मागायला आलो आहोत. मिळेपर्यंत ही कॉफी आम्हाला वर्ज्य."

रात्रभर नकार घोकला होता. शब्द तयार होते. पण अबू दिर्घामकडे बघितलं. माणूस गालिच्यावरची नक्षी मोजत होता. मनात आलं, मी तिला वेळेसाठी पळवतो. हा तिला काय होतंय ते विचारतो. पहिल्या दिवशी बॉनेट न उघडता यानं ओळखलं की तिचं कुठे दुखतं. मी काय करणार आहे तिला ठेवून? ताडपत्री घालणार. आणि मामांचं ते खानदानी बापाचं वाक्य आठवलं.

ताठ बसून म्हटलं, "हाज, कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं. ती आजपासून अबू दिर्घामांची."

मामांनी हुश्श केलं. हाज फव्वाजनी कपाकडे हात नेला. तिथेच थांबलो असतो तर! पण मन भरून आलं होतं.

"फक्त एवढंच," म्हटलं, "थंडीत सकाळी जरा खोकते, दोन मिनिटं लागतात. चोक ओढावा लागतो. आणि टायर मी मार्चमध्येच बदललेत."

हाज फव्वाजचा हात हवेतच राहिला.

अबू दिर्घामनी पहिल्यांदाच मान वर केली. मामांनी हळूच विचारलं, "कुतैबा, तू कोणाबद्दल बोलतोयस?"

"गाडीबद्दल."

मग मी एकेकाचा चेहरा बघितला. मग आतल्या दाराचा पडदा हललेला बघितला. तीन वेळा विसरलेला थर्मास, बदललेला हिजाब, डाळिंबाची बाग, आठ वर्षं. सगळं एकदम अंगावर आलं.

"चष्मे विकतोस ना रे तू?" मामा म्हणाले.

एक जण खोकल्याच्या निमित्तानं हसला. हाज फव्वाज हसले नाहीत. त्यांनी कप दोन बोटं पुढे सारला. "पोरा, चुकून दिलेला शब्द आम्ही धरत नाही. कप अजून भरलेला आहे. आम्ही उम्म कुतैबांना मागायला आलो आहोत. तू जाऊन ये आत. आम्ही बसतो."

आत गेलो. आई स्टुलावर बसली होती आणि ओट्याची कड धरली होती. जशी कडी धरते तशी, बोटं पांढरी होईतो.

"आई, तुला हवंय?"

"तू म्हणालास ना काल. ती गेली की घर रिकामं."

"मी गाडीबद्दल बोलत होतो!"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग तोंडाला हिजाबाचं टोक लावलं आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती. इतकी हसली की मी पाणी दिलं. मग खरंच रडली.

"म्हणजे गेले दोन दिवस तू..." एवढंच तिला बोलता येत होतं. "आणि मी वेडी, तुला माझ्यासाठी एवढं वाईट वाटतं म्हणून नको म्हणून बसले."

"वाटतंच," म्हटलं. "आता जास्त वाटतंय." खरं ते सांगितलं. मला खरोखर वाईट वाटत होतं. बाबांची शेजारची जागा, तिथे दुसरं कोणी. पण सांगून झाल्यावर ते जरा कमी झालं.

आई डोळे पुसून म्हणाली, "कुतैबा, वळण संपून सहा वर्षं झाली रे. मला आता सरळ बसायचंय."

हे वाक्य तिनं गॅरेजमध्येच सांगितलं होतं. तिथे एकालाच ते कळलं होतं.

मी बाहेर आलो. हाज फव्वाजच्या समोरचा कप उचलला. म्हटलं, "ही गार झाली. गार कॉफी आमच्याकडे पाहुण्याला देत नाहीत." आणि नवी, गरम ओतून त्यांच्या हातात दिली. मग अबू दिर्घामना दिली. त्यांनी घाईनं घोट घेतला, थोडी कोटावर सांडली.

"गाडी मात्र देणार नाही," म्हटलं.

"गाडी कोणी मागितली आहे?" अबू दिर्घाम म्हणाले. "तिचे पुढचे ब्रेक गेलेत."

शनिवार, २२ ऑक्टोबर

काल निकाह झाला. मामांच्या घरी, वीस माणसं. राकाननं गाडीला फिती बांधल्या आणि दोघांना सगळ्या गावात भोंगा वाजवत नेलं. आता आई घाण्याच्या वरच्या अंगाला, माझ्यापासून सहा मिनिटांवर. सकाळी मी दोघांची कॉफी केली. एक कप ओतून टाकला.

घर रिकामं आहे. लिहून ठेवतो, कारण वहीशी खोटं बोलायचं नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

चढाई.

आई आली, अबू दिर्घामांच्या बरोबर, थर्मास घेऊन. अबू दिर्घाम वर टाकीपाशी गेले. आई माझ्याजवळ आली आणि बाबांचं जुनं सेकंद मोजायचं घड्याळ तिनं पिशवीतून काढलं, ज्याला वरचं बटण दाबतात ते. १९९९ला तिच्याच हातात होतं.

"बसू का शेजारी? तुझ्या फोनवर माझा विश्वास नाही."

बसली. झेंडा पडला, मी सोडली, आणि कानाशी घड्याळाचं बटण टक् वाजलेलं ऐकलं. पहिलं वळण. दुसरं. गाडी एकदा कलायची, उभी राहायची, गप्प. सातव्यावर आई म्हणाली, "जरा आणखी दाब की." बाबांना ती असं म्हणाली असेल असं वाटत नाही.

टाकी. टक्.

"चार सतरा," आई म्हणाली.

सहा सेकंद कमी पडले. मी इंजिन बंद केलं आणि उन्हाची झडप खाली केली. निळी शाई. चार अकरा. जाऊ दे, म्हटलं, बाबा ते बाबा.

आई तिकडेच बघत होती. "एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

हल्ली मला हा प्रश्न ऐकला की धडकीच भरते.

"त्या दिवशी तुझ्या बाबांनी अशी काही सोडली गाडी, की मी दोन्ही हातांनी कडी धरली. घड्याळ मांडीवर. दुसरं वळण गेलं तेव्हा कुठे एक हात सुटला. तेव्हा दाबलं बटण." तिनं घड्याळाची साखळी बोटाभोवती गुंडाळली. "वर आल्यावर ते इतके खूश झाले, की सांगायचं राहूनच गेलं. आज सांगू, उद्या सांगू. मग ते राहिलंच."

दुसऱ्या वळणापर्यंत मला सोळा सेकंद लागतात. सतरा ऑक्टोबरलाच मोजलेत. मी मनात बेरीज केली, पुन्हा केली. दोन्ही वेळा बाबांचे चार सत्तावीस आले. मग आम्ही दोघं खिडक्या बंद करून इतके हसलो, की बाहेर राकानला वाटलं काहीतरी बिघडलं.

"खोडू नकोस ते," आई म्हणाली.

"खोडतोय कशाला."

बाबांच्या ओळीखाली मी लिहिलं: 'ऐन लौज ते पाण्याची टाकी, ४ मि. १७ से., २८ ऑक्टोबर.' आणि दोन्ही ओळींना मिळून एक कंस काढून पुढे: 'घड्याळ आईचं.'

अबू दिर्घाम खिडकीशी वाकून बघत होते. माझ्याकडे नाही, गाडीकडे नाही, त्या लोंबत्या कडीकडे. म्हणाले, "उम्म कुतैबा, आज धरली होती?"

आईनं घड्याळाचा हात वर केला. "यात घड्याळ होतं." मग दुसरा वर केला. "यात थर्मास."

मग मला म्हणाले, "डॉक्टर, आता ती कडी बदलायला हरकत नाही."

म्हटलं, राहू दे.